शनिवारी रात्री बेकिंग, रविवारी लोकलने भटकंती: डब्यात काय न्यायचं आणि निवांत वाचायचं कुठे?

निशिगंध_लातूर:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय त्यामुळे लांबला तर सांभाळून घ्या. मी लातूरची, पुण्यात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरला आम्ही चौघीजणी फ्लॅट घेऊन राहतो. पहिल्या वर्षी हॉस्टेलला होते तिथे इंडक्शनसुद्धा लावू द्यायचे नाहीत, आता स्वतःचं किचन आहे आणि आत्याने तिचा जुना ओटीजी, म्हणजे विजेवरचा ओव्हन दिलाय, ९ लिटरचा, अगदी छोटा. तेव्हापासून दर शनिवारी रात्री जेवणं आटपली की मी काहीतरी बेक करते. आठवडाभर सबमिशन, प्रॅक्टिकल, कोडिंग यात डोकं इतकं शिणतं की मैदा चाळताना, लोणी आणि साखर फेसताना जे बरं वाटतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. वास जिन्यात जातो आणि वरच्या मजल्यावरच्या मुली पण येतात खाली, मग बारा वाजेपर्यंत गप्पा.

दुसरं वेड म्हणजे रविवारी एकटीने किंवा रूममेटला घेऊन एका दिवसाची भटकंती. गाडी नाही, दुचाकी पण नाही, त्यामुळे पीएमपी, एसटी नाहीतर लोकल. आणि तिसरं वाचन, ते लहानपणापासूनचंच, आमच्या घरी आजोबांचं एक कपाट भरून पुस्तकं होती.

तर प्रश्न असाय की मला या तिन्ही गोष्टी एका रविवारात बसवायच्यात. म्हणजे शनिवारी बेक केलेलं रविवारी डब्यात, पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तक, आणि अशी एखादी जागा जिथे दोनेक तास बसून वाचता येईल, कुणी उठवणार नाही, ऊन लागणार नाही. मागच्या वेळी सिंहगडावर गेले होते तर गर्दीत पुस्तक बाहेर काढायची इच्छाच झाली नाही, आणि व्हॅनिला केक नेला होता त्याचा डब्यात पार लगदा झाला, खालचा भाग ओला आणि वर सगळा चुरा. काय चुकलं तेच कळत नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली अभ्यास कर आधी :) अभ्यास करतेच आहे पण रविवारचा हा एक दिवस मला मनापासून हवाय.

बजेट साधारण दोनशे रुपये, जाऊन-येऊन. अंडं चालतं पण एक रूममेट खात नाही म्हणून बिनअंड्याचं असेल तर सगळ्यांना होईल.

*

पेठेतली_मावशी:

अगं निशिगंधा, तुझा लगदा कशाने झाला ते मी इथे बसून सांगते. रात्री बारापर्यंत गप्पा झाल्या आणि झोपायच्या आधी केक गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलंस ना? गरम केकमधून वाफ निघत राहते, झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि ते परत केकवर टपकतं. केक टिनमधून काढून जाळीवर नाहीतर उलट्या चाळणीवर दोन-तीन तास पूर्ण गार होऊ दे, वर नुसतं पातळ सुती कापड टाक, आणि कापायचा सकाळी, रात्री नाही. गार झालेला केक सुरीने स्वच्छ कापला जातो, चुरा होत नाही.

दुसरं म्हणजे व्हॅनिला स्पंज हा प्रवासाचा केकच नाही. हलका, जाळीदार, हात लागला तरी दबणारा. प्रवासाला गुळाचा कणकेचा केक कर, आमच्या घरात माझी मुलं ट्रेकला जायची तेव्हा हाच जायचा. दीड वाटी कणीक, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ, हे सगळं दोनदा चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात पाऊण वाटी दही आणि पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ एकत्र करून पंधरा मिनिटं ठेवून द्यायचं, गूळ आपोआप विरघळतो. मग त्यात अर्धी वाटी बिनवासाचं तेल आणि लागेल तसं अर्धी वाटीपर्यंत दूध. कोरडं आणि ओलं एकत्र केलं की हलक्या हाताने फक्त मिसळेपर्यंत हलवायचं, फेटत बसायचं नाही. पोळीची कणीक मळून मळून कशी चिवट होते, तोच चिवटपणा केकमध्ये येतो आणि मग तो फुगत नाही. वरून अक्रोड, तीळ, काय असेल ते.

सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही का, असं मुली विचारतात. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, इथे दही आहे, ते दोघं भेटले की लगेच बुडबुडे सुटतात, म्हणून सोडा मिसळला की पीठ ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही, लगेच ओव्हनमध्ये. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट दोन्ही आधीच असतं, ती ओली झाली आणि गरम झाली की काम करते, म्हणून नंतरही थोडी फुगायला मदत होते.

आता तुझा ९ लिटरचा ओव्हन. छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड केकच्या फार जवळ येतो, वर करपतं आणि आत कच्चं राहतं. दहा मिनिटं आधी तापवून घे, टिन खालच्या खाचेत ठेव, तापमान १८० ऐवजी १७०, आणि वर रंग आला की ॲल्युमिनियम फॉइल नुसतं सैल टाकून ठेव. ३५ ते ४० मिनिटं लागतील. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही म्हणजे नाही, मधे बसतो केक. विणकामाची सुई नसेल तर खराट्याची धुतलेली काडी पण चालते, मधोमध खुपसून कोरडी आली की झालं. लाइट बिलाची काळजी असेल तर तुझा ओव्हन ८०० वॉटचा वगैरे असेल, तासभर सलग चालला तरी एक युनिटसुद्धा होत नाही.

हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, गूळ मुरतो. करून बघ आणि इथे येऊन सांग.

*

निशिगंध_लातूर:

मावशी!! अगदी बरोब्बर, गरमच भरला होता आणि झाकण पण घट्ट लावलं होतं. दार पण उघडलं होतं दोनदा, फुगतोय का बघायला. लिहून घेतलं सगळं. खराट्याची काडी आमच्याकडे आज्जी पण वापरायची, पण ढोकळ्याला.

*

घाटवाट:

मी बेकिंगमध्ये शून्य आहे पण लोकलवर बोलतो, कारण गेली तीन वर्षं पुणे-लोणावळा लोकलने जवळपास सगळ्या स्टेशनांवर उतरून आलोय.

तुझ्यासाठी मळवली. लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन. कर्वेनगरवरून नळस्टॉपला ये, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून शिवाजीनगर, आणि तिथल्या रेल्वे स्टेशनवरून लोकल. शनिवार-रविवारी मेट्रोच्या तिकिटात सगळ्यांनाच ३० टक्के सूट असते, आणि विद्यार्थ्यांचं कार्ड काढलंस तर इतर दिवशीही. लोकलचं तिकीट पंधरा-वीस रुपयांच्या घरात, आणि साधारण सव्वा तास लागतो म्हणजे जाता-येता अडीच तास वाचन तर गाडीतच झालं. सकाळच्या लोकलला रविवारी खिडकी मिळते. खडकी, दापोडी करत पिंपरी-चिंचवडपर्यंत शहर असतं पण तळेगाव सोडलं की बाहेरच बघत बसावंसं वाटतं, कामशेतच्या पुढे दोन्ही बाजूंना डोंगर येतात.

मळवलीला उतरून भाजे गावापर्यंत चालत जायचं, मधे एक्सप्रेस वेच्या वरून पूल आहे, रमतगमत पाऊण तास धर, आणि गावातून पायऱ्या चढून वीसेक मिनिटांत भाजे लेणी. बहुतेक लोक पलीकडे कार्ल्याला जातात कारण एकवीरेचं देऊळ आणि तिथला चैत्य फार मोठा, पण भाजे त्यापेक्षा जुनं आहे, इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातलं, आणि तिथे गर्दी कमी असते. चैत्याच्या छताला लाकडी कमानी आहेत. दगडात कोरलेल्या लेण्याला लाकडाची गरजच काय, असा मला पहिल्यांदा प्रश्न पडला होता, मग कळलं की आधी लाकडाच्या इमारती बांधायची सवय होती आणि दगडात कोरतानाही त्यांनी तेच रूप ठेवलं. शेवटी दक्षिणेकडे जा, एका विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलाय, तिथे मी अर्धा तास नुसता उभा होतो. आणि बाजूला एका ठिकाणी दाटीवाटीने १४ स्तूप.

लेण्यांच्या आत खाऊ नका प्लीज, माकडं पण येतात आणि कण सांडले की मुंग्या. पायऱ्यांवर सावलीत बसून वाच, पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे सकाळी तिथे छान सावली असते, दुपारनंतर ऊन येतं. डबा खाली उतरून गावात उघड, चहा पण मिळतो. पुरातत्त्व खात्याचं पंचवीसेक रुपयांचं तिकीट आहे.

महत्त्वाचं, दुपारच्या वेळी लोकलमध्ये मोठी गॅप असते. निघताना वेळापत्रक बघून परतीची गाडी ठरवूनच निघ, नाहीतर मळवलीच्या फलाटावर दोन तास बसावं लागेल. तुझ्याकडे पुस्तक असेल म्हणा. आणि जुलै-ऑगस्टच्या रविवारी जाऊ नकोस, तिथल्या धबधब्यांमुळे मुंगीला शिरायला जागा नसते. शांतता हवी तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

*

पर्वतीकर:

थोडं वेगळं मत मांडतो. लेण्यात गेल्यावर लेणी बघावीत, पुस्तक गाडीत वाचावं. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम डोळ्यासमोर असताना मान खाली घालून बसणं मला जमत नाही. फक्त वाचायलाच जायचं असेल तर पुण्यातच जागा आहेत की. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर, आठव्या शतकातलं राष्ट्रकूट काळातलं लेणं, भर शहरात जमिनीच्या पातळीखाली, रस्त्यावरून चालणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. समोर गोल छताचा नंदीमंडप आहे आणि आवारात मोठी झाडं. बाहेर एवढी वाहतूक असून आत उतरलं की आवाज कमी होतो. किंवा रेसकोर्सजवळचं एम्प्रेस गार्डन, तिकीट काढून आत जायचं आणि मोठ्या झाडाखाली चादर टाकायची. किंवा पहाटे वेताळ टेकडी, नशीब असेल तर मोर दिसतात, आठपर्यंत वाचायचं आणि ऊन चढायच्या आत खाली.

*

घाटवाट:

@पर्वतीकर पहिल्या वेळेला पटतं तुमचं. पण मी भाज्याला सहाव्यांदा गेलो तेव्हा बघून झालं होतं, तेव्हा नुसतं तिथे असणं हवं होतं. त्या सावलीत वाचलेली पानं मला अजून आठवतात आणि त्यांच्याबरोबर तो दगडाचा गारवा पण आठवतो.

*

जुनी_पानं:

वाचनाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. दोनशेच्या बजेटमध्ये पुस्तक विकत घेणं बसणार नाही असं वाटत असेल तर अप्पा बळवंत चौकात जा, तुला इंजिनियरिंगच्या पुस्तकांसाठी माहीत असेलच, पण फूटपाथवर जुनी पुस्तकं लावलेली असतात तिथे वाकून, ढीग उपसून शोधायचं. घाई करायची नाही. मला तिथे जुने दिवाळी अंक मिळालेत, ३०-४० वर्षांपूर्वीचे, अगदी कमी पैशात. आणि मी तुला प्रवासासाठी दिवाळी अंकच सुचवेन. १९०९ सालापासून ही परंपरा आहे आपल्याकडे, एका अंकात कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं, राशिभविष्य सगळं असतं, एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत एक कविता, तळेगाव ते मळवली एक कथा, आणि उतरायची वेळ झाली तर कादंबरीसारखी तगमग होत नाही. शिवाय वजनाला हलका, पाठीवर जाणवत नाही. जुन्या अंकांतल्या जाहिराती सुद्धा मी वाचते, साबणाच्या, रेडिओच्या, त्या काळातली घरं दिसतात त्यातून.

दुसरं, लायब्ररी लाव. लक्ष्मी रोडचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. मी कॉलेजला असताना खोलीवर एक खाट आणि एक ट्रंक एवढीच माझी जागा होती, पुस्तकं ठेवणार कुठे, तेव्हा लायब्ररीनेच मला वाचवलं. काउंटरवरच्या काकांना माझी आवड पाठ झाली होती, मी गेले की ते खालून एखादं पुस्तक काढून ठेवायचे, हे बघ म्हणायचे, तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. बाहेरगावाहून आलेल्या मुलीला या शहरात कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी बाजूला ठेवतंय याचं काय वाटतं ते तुला नक्की कळेल.

आणि एक रविवार भिलारसाठी ठेव. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून पंधरा हजार पुस्तकं होती. म्हणजे लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत विषयाप्रमाणे पुस्तकं ठेवलेली, बाहेर पाटी असते, कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. आत जायचं, खुर्ची ओढायची आणि वाचायचं, पैसे नाहीत. स्वारगेटवरून महाबळेश्वरची एसटी वाई-पाचगणीवरून जाते, २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे पण तरी तुझ्या दोनशेच्या थोडं वर जाईल. एका दिवसात होतं, फक्त पहिली गाडी पकडायची. मी एका घरात बाहेरच्या ओसरीवर बसले होते, आत काकू भाजी निवडत होत्या, दोन तास त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, मग म्हणाल्या चहा घेणार का. हिवाळ्यात गेलीस तर स्ट्रॉबेरी असते, डब्यातून सांभाळून आण आणि त्याचं काहीतरी बेक कर.

*

पेठेतली_मावशी:

स्ट्रॉबेरी केकमध्ये घालणार असलीस तर चिरून, कोरड्या पिठात घोळवून घाल गं, नाहीतर सगळी तळाला जाऊन बसते. पाणी पण खूप सुटतं तिला.

*

निशिगंध_लातूर:

मंडळी, आले जाऊन!! कालच गेले, मळवली-भाजे. रूममेटला पण नेलं, ती आधी म्हणाली रविवारी सहाला कोण उठतं, पण डबा बघून उठली.

केक मावशींच्या मापाने केला. पंचवीस मिनिटं दाराला हात लावला नाही, नुसती काचेतून बघत होते स्टुलावर बसून. मधोमध थोडी भेग पडली पण फुगला मस्त. फॉइल टाकलं म्हणून वर करपला नाही. मग जाळी नव्हती तर पुरणाच्या चाळणीवर उलटा ठेवला आणि पंचा टाकून झोपले. सकाळी पाचला उठून कापला तर सुरीला कण पण चिकटला नाही. मी केलेल्या कुठल्याच गोष्टीचे इतके सरळ तुकडे आजवर झाले नव्हते, मी फोटो काढून आईला पाठवला. तिने काही लिहिलं नाही, पण दुपारी फोन करून विचारलं, गूळ किती घातलास.

लोकलला खिडकी मिळाली. अप्पा बळवंत चौकातून आदल्या दिवशी १९८० च्या आसपासचा एक दिवाळी अंक आणला होता, मुखपृष्ठ फाटलेलं, आतल्या पहिल्या पानावर कुणीतरी निळ्या शाईने फक्त "अंजूस, भाऊबीज" असं लिहिलंय. मी तर आधी त्यावरच किती वेळ अडकले. चिंचवडपर्यंत एक कथा झाली, मग तळेगावनंतर घाटवाट म्हणाले तसं बाहेरच बघत बसले, पुस्तक मांडीवर.

पर्वतीकर काका, तुमचं ऐकून लेण्यात पुस्तक काढायचं नाही असं ठरवलं होतं. आधी दीड तास नुसतं बघितलं. लाकडी कमानी बघताना मान दुखायला लागली. तो सूर्याचा रथ सापडेना, दोनदा पुढे जाऊन परत आलो, शेवटी तिथल्या राखणदार मामांनी दाखवला, म्हणाले, चाकाखाली बघा, राक्षस चिरडलाय. नंतर खालच्या पायरीवर सावलीत बसलो आणि अंक उघडला, आणि काका, खरं सांगू, मला दोन्ही जमलं. वाचता वाचता मान वर केली की समोर सगळं मावळ पसरलेलं आणि खालून रेल्वेचा आवाज.

डबा गावात जाऊन उघडला. चहाच्या टपरीवरच्या आजींना एक तुकडा दिला, त्यांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा पदरात बांधला, नातवाला देते म्हणाल्या. मग मी आणखी दोन दिले.

परतीची गाडी मात्र चुकली, पायऱ्यांवर वेळेचं भानच राहिलं नाही. मळवलीच्या फलाटावर जवळपास दोन तास. उरलेल्या तीन कथा तिथेच झाल्या आणि उरलेला केक पण. एकूण खर्च दोघींचा मिळून २९० झाला, चहा धरून.

पुढच्या रविवारी पाताळेश्वर कारण सोमवारी व्हायवा आहे, लांब नाही जाता येणार. मावशी, एक विचारायचं होतं, घरून खजूर आलेत खूप, ते या केकमध्ये घातले तर चालतील का?

*

पेठेतली_मावशी:

चालतील की. बारीक चिरून कोमट दुधात अर्धा तास भिजव आणि गूळ अर्धाच घे, खजूर गोड असतो. आणि पाताळेश्वर माझ्या घरापासून जवळ आहे, एक तुकडा माझ्यासाठी ठेव, मी चहाचा थर्मास घेऊन येते.